विवराची मालकीण

ताईने जन्मभर लोकांना तिकिटं दिली आणि स्वतः कुठे म्हणून गेली नाही. बसस्थानकाच्या तिकीट-खिडकीत तिची नोकरी होती. काचेला तळहाताएवढं भोक, त्यातून पैसे आत, तिकीट बाहेर, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न : "कुठे जायचंय?" माणूस घुटमळला की ती म्हणायची, "आधी ठरवा, मग रांगेत या." लोक तिला तुसडी म्हणायचे. तुसडी ती नव्हती, पण एकाने दुसऱ्याच्या वतीने काही ठरवलं की तिचं डोकं फिरायचं. नवरा दोन तिकिटं मागायला आला आणि बायको शेजारी गप्प उभी असली, तर ताई मान वाकडी करून बायकोलाच विचारायची, "तुम्हाला जायचंय ना?" एकदा एकीने सरळ "नाही" म्हणून टाकलं. मग खिडकीसमोर जो तमाशा झाला त्यात बस सुटायला उशीर झाला आणि ताईला वरून समज मिळाली. समज मिळाली, पण सवय गेली नाही.

मी तिची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. शाळांचे गणवेश शिवते, आणि ताईच्या घरातल्या पुढच्या खोलीत खिडकीखाली माझं मशीन आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना इतका चिंचोळा की वळणावर कपाटसुद्धा उभं करून, तिरकं करून, घरमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वर न्यावं लागतं. ताई निवृत्तीच्या आधी बसस्थानकाच्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. काठी घेऊन ती पलंगापासून खिडकीपर्यंत येते, स्वयंपाकघरात जाते, जिन्याला मात्र हात टेकते. सुरुवातीला भावोजी तिला पाठुंगळी घेऊन खाली नेत. मग त्यांचीही कंबर गेली. तेव्हापासून ती खाली उतरली ती फक्त दवाखान्यासाठी, दोन हमाल बोलावून, खुर्चीत बांधून. त्या दिवशी घरी आल्यावर ती कोणाशी बोलत नसे.

बसल्या बसल्या ती माझ्या शर्टांना बटणं लावते. तिने लावलेलं बटण मुलाने दातांनी ओढलं तरी निघत नाही. काज मात्र तिच्या हातून वाकडं होतं, आणि ते मी उसवते तेव्हा ती दुसरीकडे बघते.

आता जमिनीचं सांगते, कारण सगळं त्यावरून झालं. आमच्या वडिलांकडे दोनच गोष्टी होत्या : गावाबाहेर टेकडीच्या उतारावर जमिनीचा एक तुकडा, आणि एका मुलीला शिकवता येईल एवढी शिल्लक. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून विचारलं. मी शिक्षण घेतलं आणि शेवटी गणवेश शिवते, ते असो. ताईने जमीन घेतली. जमीन कसली, चुनखडीचा खडक आणि त्यावर नावाला माती. आमच्याकडे सगळा मुलूखच असा आहे. पाऊस पडतो आणि जमिनीत नाहीसा होतो, ओढा वाहता वाहता एका भोकात शिरतो तो पुन्हा दिसत नाही. बऱ्याच जमिनींत एखादा तरी खड्डा असतोच. शेतातले दगड वेचायचे आणि त्यात टाकायचे, ही इथली रीत, घरात केराची टोपली असावी तशी. आमचा खड्डा एका लहान खोलीएवढा होता, खाली निमुळता, आणि तळाशी खडकाला एक चीर. वडील म्हणायचे, "याच्या पोटाला तळ नाही. माझ्या आज्यापासून आम्ही दगड घालतोय, पण हा काही भरत नाही."

भावोजींना गावात सगळे पाणीमास्तर म्हणतात. टेकडीच्या पायथ्याला मोठा झरा आहे, त्यावर गावाचं पंपघर, आणि पंपघरावर भावोजी. सकाळी पहिलं पाणी ते काचेच्या पेल्यात धरतात, खिडकीपाशी उजेडात बघतात, एक घोट घेतात, आणि मगच व्हॉल्व्ह उघडतात. यंत्रं येऊन कैक वर्षं झाली, तपासणीही होते, पण पेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी चिडवायची, "एक दिवस तुम्ही घोट घ्याल आणि तिथेच आडवे व्हाल, तेव्हा गावाला कळेल पाणी खराब आहे ते." ते हसायचे नाहीत. पंपघराच्या भिंतीवर एक जुना रंगवलेला नकाशा आहे. झऱ्याचं पाणी उत्तरेच्या मोठ्या डोंगरातून येतं असं त्यात बाणांनी दाखवलंय. शाळेची मुलं सहलीला आली की भावोजी छडीने तेच बाण दाखवत. आमची टेकडी त्या नकाशात नव्हतीच.

कंबर गेल्यावर भावोजींच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. ताईच्या जमिनीवर घर. एका मजल्याचं, पायरी नसलेलं, उंबरठा नसलेलं, की ताई काठी टेकत स्वतःच्या दारातून स्वतःच्या अंगणात जाईल. आयुष्यभर या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ताईला त्यांनी हे सांगितलं तेव्हा तिने बटणाचा दोरा तोडला आणि म्हणाली, "स्वयंपाकघर पूर्वेला हवं. आणि खिडकी बसून बाहेर दिसेल एवढी खाली." म्हणजे तिने घर आधीच बांधून ठेवलं होतं, मनात.

आणि मग कायदा आला.

चुनखडीच्या मुलखाचं रक्षण करायचा कायदा. वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा माझ्या तोंडून काय काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही. खड्ड्याला कायद्यात विवर म्हणतात. विवराच्या काठापासून ठराविक अंतराच्या आत बांधायचं नाही, खणायचं नाही, विवर बुजवायचं नाही, त्यात काही टाकायचं नाही. कारण वरून जे जातं ते खाली कुठेतरी कोणाच्या तरी पिण्यात येतं. बरोबर आहे. पण ताईच्या जमिनीच्या मधोमध विवर, आणि भोवतीचं ते वर्तुळ काढलं तर ते ताईच्या जमिनीपेक्षा मोठं. जमीन तिच्या नावावर राहणार, कर तिने भरायचा, आणि तिथे एक वीट ठेवायची नाही. बदल्यात काय, तर काही नाही. गावाच्या पाण्यासाठी एकट्या ताईने तिसऱ्या मजल्यावर बसून राहायचं. कागदावर गोल काढणाऱ्यांना जिने नसतात.

विवरांचे नकाशे नव्याने करायचे होते. त्यासाठी खात्याची एक तरुण बाई येणार होती, जमिनीच्या मालकाला बरोबर घेऊन प्रत्येक तुकडा फिरणार होती. ती यायच्या आधी भावोजींनी खड्डा बुजवला.

त्यांनी हे चोरून केलं नाही. सुट्टीच्या दिवशी भर उन्हात केलं, आणि कोणी ढुंकूनही बघितलं नाही, कारण खड्ड्यात दगड टाकणं इथे कोणाला वावगं वाटत नाही, खिडकीतून दुरून बघणाऱ्या ताईलाही नाही. आधी मोठे दगड, मग लहान, मग खडी. आणि सगळ्यात वर माती. टाकीला गळती लागली की ते चिकणमाती थापून, पायांनी तुडवून, थरावर थर देऊन ती बंद करतात, तशीच त्यांनी इथे थापली. आमच्याकडे तशी माती नाही, म्हणून नदीपलीकडच्या वीटभट्टीवरून गाडीभर आणली. वर काळी माती पसरली, गवताची ढेकळं लावली. त्यांना टाक्या ठाऊक होत्या. टाकीला तळ असतो.

त्यांच्या बुटांना लागलेला चिखल बघून मला कळलं. मी विचारलं, त्यांनी सांगून टाकलं. मग म्हणाले, "ताईला सांगू नकोस."

"का? तिचीच तर जमीन आहे."

"तिला विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर मग मला करता येणार नाही."

मी ताईला काही सांगितलं नाही. मला कायद्याचा राग होता, आणि ते घर मलाही हवं होतं.

मोजणीवाली आली तेव्हा ताईला जिना उतरणं शक्य नव्हतं, तिच्या वतीने भावोजी गेले. आमच्या जमिनीच्या वर दूधवालीची जमीन आहे. ती आम्हाला रोज दूध घालते, तोंडाने फटकळ, मनाने सरळ. तिला गोठा वाढवायचा होता, अर्धा वाढवूनही झाला होता. मोजणीवालीने तिला विचारलं, तिने स्वतःचा खड्डा हाताने दाखवला आणि वर म्हणाली, "लपवून काय करू, गाई काय तुमच्या नकाशात चरणार आहेत?" गोठ्याचं काम तिथेच थांबलं. मग आमची जमीन आली. भावोजींना विचारलं, "इथे विवर आहे?" ते म्हणाले, "नाही." पाणीमास्तर नाही म्हणाले म्हणजे नाही. मोजणीवालीने मान डोलावली आणि पुढच्या तुकड्याकडे वळली. मी त्यांच्यासोबत होते. भावोजींचा चेहरा मी पाहिला, आणि मला वाटलं होतं त्याहून मला जास्त वाईट वाटलं.

परवानगी मिळाली. ताईने विचारलंच, "आणि खड्ड्याचं काय?" भावोजी म्हणाले, "त्यापासून लांब घेतलंय, खात्याला तेवढं चालतं." पाया खणला, जोतं वर आलं. आमच्या खिडकीतून टेकडीचा तो उतार दिसतो. ताई खुर्ची खिडकीला लावून बसायची आणि गवंड्याला तिथून सूचना द्यायची, जशी काही त्याला ऐकू जात होती. "अरे, तिरकं जातंय ते," म्हणायची. आणि मला, "तुझं मशीन उत्तरेच्या खोलीत. सावलीत डोळे दुखत नाहीत." त्या दिवसांत ती रोज केस नीट विंचरून बसायची.

मग पाऊस सुरू झाला, आणि यंदा जरा जास्तच झाला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी भावोजींचा डबा घेऊन पंपघरात गेले. ते खिडकीपाशी पेला धरून उभे होते. पंप बंद होते, व्हॉल्व्हचं चाक आवळलेलं होतं. पेल्यातलं पाणी लाल होतं. गढूळ म्हणत नाही मी, गढूळ पाणी आम्ही पाहिलेलं आहे, पावसात राखाडी होतं. हे विटांसारखं लाल होतं.

"लाल माती आपल्याकडे कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत होतं, आणि त्यांनाही.

मी म्हणाले, "भट्टीवर."

त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. उत्तरेकडून येणारे सगळे बाण. मग पेला खाली ठेवला आणि बाकावर बसले. डबा त्यांनी उघडला नाही. ज्या झऱ्याची त्यांनी तान्ह्या मुलासारखी काळजी घेतली, त्यात त्यांनीच माती कालवली होती, आणि त्या माणसाला हे कसं सहन होणार असं मला झालं.

गावाला टँकरने पाणी सुरू झालं. दोन गल्ल्यांत मुलांना जुलाब लागले, एक आजोबा दवाखान्यात ठेवावे लागले. खात्याने चौकशी केली. झऱ्याच्या थेट वरच्या अंगाला नव्या नकाशावर एकच विवर होतं, दूधवालीचं, आणि शेजारी अर्धवट गोठ्याचं खणलेलं काम. तिला नोटीस गेली : गोठा पाडा, दंड भरा. खरं बोलली ती नकाशावर आली, आणि नकाशावर होती म्हणून तीच सापडली. सकाळी दूध घालायला आली तेव्हा ती आमच्या दारात बसूनच राहिली. "माझ्याकडे काळी माती, पाणी आलं लाल. मी काय रंगवून सोडलं?" ताईने तिला आत बोलावलं, पाणी दिलं, म्हणाली, "तू काही केलेलं नाहीस, तर घाबरतेस कशाला? पाणीमास्तर सांगतील ना त्यांना." भावोजी स्वयंपाकघरात उभे होते. त्यांनी ऐकलं.

ती गेल्यावर मी त्यांना दाराबाहेर जिन्यात गाठलं. मी म्हणाले, "आत्ता बोलू नका. पाऊस थांबेल, माती वाहून जाईल, पाणी निवळेल. नोटिशींचं काय, वर्षं वर्षं चालतात. दूधवालीला आपण मदत करू. घर पुरं होऊ दे." मी वाईट बोलले असेन, पण मनापासून बोलले. आत माझी बहीण बसली होती आणि मला तिला त्या खिडकीतून बाहेर काढायचं होतं. भावोजी म्हणाले, "तू म्हणतेस ते कळतंय मला." आणि जिना उतरून सरळ मोजणीवालीच्या कचेरीत गेले.

संध्याकाळी ते तिला घेऊनच आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून तिला धाप लागली होती. मी खुर्ची दिली, तीवरचे शर्ट उचलून पलंगावर टाकले. भावोजी दाराशीच राहिले, बूट हातात घेऊन, पाहुण्यासारखे. ताईच्या हातात शर्ट आणि सुई होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

मोजणीवाली म्हणाली, "जमीन तुमच्या नावावर आहे, म्हणून तुम्हालाच विचारायला आले. तुमच्या जमिनीत विवर होतं का?"

"होतं म्हणजे?" ताई म्हणाली. "आहे की."

खाली रस्त्यावर टँकरपाशी बायकांचं भांडण चाललं होतं, ते ऐकू येत होतं. मग मोजणीवालीने सगळं सांगितलं. आवाज न चढवता, एकेक करून. दगड, लाल माती, त्या दिवशीचं ते "नाही". ताईने ऐकून घेतलं. मग तिने भावोजींकडे बघितलं, आणि नंतर माझ्याकडे, आणि तिला कळलं की मलाही माहीत होतं.

"मला विचारलं होतंत?" ती भावोजींना म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"तुम्हाला काय माहीत? मला काय घर नको होतं? रोज इथे बसून मी काय बघत होते?" तिने हातातली सुई खिडकीकडे रोखली. "कदाचित हो म्हणाले असते मी. चोरीच करायची तर माझी मी केली असती. तुम्ही तीही माझ्यासाठी करून मोकळे झालात."

मग ताई मोजणीवालीकडे वळली. "आणि तुमच्या कायद्याने तरी मला कुठे विचारलं?"

"हरकती मागवल्या होत्या," मोजणीवाली म्हणाली. "नगरपालिकेच्या फळ्यावर नोटीस होती, महिनाभर."

"फळा तळमजल्यावर असेल ना?"

त्या मुलीचा दोष नव्हता, पण मला तेव्हा तिची कीव करायची नव्हती. मीच तिच्यावर घसरले. "पाणी सगळ्या गावाचं आणि नुकसान एकट्या हिचं, हा कुठला न्याय? दुसरी जमीन द्या, भरपाई द्या. नाही तर म्हणा की आम्ही हिची जमीन घेतली. घ्यायचीही, आणि घेतली म्हणायचंही नाही, असं कसं चालेल?"

तिने माझ्याकडे सरळ बघून उत्तर दिलं, याबद्दल मी तिला आजही मानते. "भरपाईचं कलम मसुद्यात होतं. शेवटच्या कायद्यात राहिलं नाही. तुम्ही म्हणता ते चूक आहे असं मला सांगता येणार नाही. पण खड्डा बंद राहिला तर पुढच्या पावसात पुन्हा हेच होईल, हेही खरं आहे."

मग तिने वही उघडली आणि नियम सांगितला. जबाब मालकाचाच धरतात, तोही लिहून सही केलेला. भावोजींनी मोजणीच्या वेळी एक सांगितलं होतं आणि आता दुसरं सांगत होते, त्याला फारसा अर्थ नव्हता. मला लगेच उमगलं. ताईने एकदा "नाही" म्हटलं की झालं. जोतं उभं राहील, भिंती चढतील. ताईलाही ते उमगलं, तिची सुई थांबली होती.

मी म्हणाले, "ताई, नीट विचार कर."

"दूधवालीच्या गोठ्याचं काय होईल?" तिने मोजणीवालीला विचारलं.

"पाडावा लागेल. नकाशावर दुसरं विवर नाहीये."

ताईने हातातलं बटण पुरं केलं. चार टाके, गाठ, दोरा दातांनी तोडला, शर्टाची घडी घातली. मला ती घडी जन्मभर आठवेल, कारण ती घालायला तिने फार वेळ लावला. मग म्हणाली, "लिहा. आहे."

तिने सही केली आणि मोजणीवाली गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसून राहिलो, शाळेचे निळे शर्ट मांडीवर घेऊन, एखाद्याच्या दहाव्याला बसावं तसे. त्यानंतर कितीतरी दिवस ती आमच्याशी कामापुरतंच बोलली. "मीठ द्या." "दोरा संपला." मला एकदा म्हणाली, "तुझ्याकडून अपेक्षा नव्हती," आणि पुन्हा बटणं लावायला लागली. त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दूधवालीची नोटीस मागे घेतली गेली. भावोजींना कामावरून काढलं नाही, पण पंपघराच्या किल्ल्या आता दुसऱ्याकडे असतात. ते सकाळी जातात, झाडलोट करतात, पेला धरत नाहीत. गावात त्यांना अजून पाणीमास्तर म्हणतात. काही जण आदराने म्हणतात, काही जण दात काढून, आणि कोण कसं म्हणतं ते त्यांना चांगलं कळतं.

विवर पुन्हा उघडायचा हुकूम आला. जोतं फोडायचं, भराव काढायचा, यंत्र न लावता, हातांनी, म्हणजे माती आणखी खाली जाणार नाही. आणि त्या वेळी मालक हजर पाहिजे. मोजणीवाली म्हणाली, "त्यांना जमत नसेल तर मी तसं लिहून घेते." ताई म्हणाली, "मालक हजर राहील."

खुर्चीला दोन बांबू बांधून तिला खाली उतरवलं. पुढे भावोजी लागले, कंबरेला पट्टा बांधून, कोणाचं न ऐकता. मागे दूधवाली आणि तिचा नवरा. वळणावर खुर्ची अडकली, तेव्हा दूधवाली म्हणाली, "बाई, गाय उतरवणं सोपं, ती निदान लाथ मारून सांगते तरी." ताई हसली. किती दिवसांनी हसली.

उघडीप होती. जोत्याची एक बाजू आधीच फोडली होती. ताईला मधोमध ठेवलं आणि मोजणीवालीने विचारलं, कुठे खणायचं? भावोजींना नेमकी जागा ठाऊक होती, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. ताईने काठीने एक जागा दाखवली. तिथे खणलं, तर खडक लागला. "मग इकडे असेल," ती म्हणाली, "लहानपणी सगळं लांब लांब वाटायचं." दुसऱ्या जागी पहिल्याच घावाला लाल माती वर आली. ती जागा तिच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली होती. भावोजी फावड्याने माती ओढत होते आणि ती घमेल्यात भरून दूधवालीचा नवरा लांब नेऊन टाकत होता. मातीमागून खडी निघाली, खडीमागून दगड. बाकीची माणसं आलटून पालटून विसावा घेत होती. भावोजी एकदाही बसले नाहीत, आणि त्यांना बसा म्हणायची हिंमत कोणाला झाली नाही. दुपार कलल्यावर तळाची चीर दिसली आणि आतून गार वारा वर आला.

मोजणीवालीने पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. इथे यापुढे बांधकाम करता येणार नाही. खणता येणार नाही, भराव घालता येणार नाही. कुंपणसुद्धा पक्कं घालता येणार नाही. केर, दगड, सांडपाणी टाकता येणार नाही. ताई लक्ष देऊन ऐकत होती.

"जमीन माझीच ना अजून?" तिने विचारलं.

"हो. तुमचीच."

"बसायला बंदी आहे का?"

मोजणीवालीला वाटलं ती चेष्टा करतेय. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तिने खरोखरच कागद उलटून पाहिले, पहिल्या पानापासून. "नाही," ती म्हणाली. "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

ताईने सही केली. मग चपला काढल्या आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. मोजणीवाली गेली, माणसांनी हत्यारं गोळा केली, दूधवाली गाईंची वेळ झाली म्हणून घाई करायला लागली. भावोजी मातीने माखलेले हात पुसत जवळ आले आणि म्हणाले, "चल आता. उजेड आहे तोवर जिना चढलेला बरा."

"थांबा जरा," ताई म्हणाली. "एवढंच उरलंय माझ्या हक्काचं. ते तरी मला नीट वापरू द्या."

भावोजी तिच्या खुर्चीपाशी खाली बसले. आम्ही सगळेच बसलो.